निखिलच्या जागी

गुरुवार, ८ जून २००६, क्युपर्टिनो

निखिल येत नाहीये. फोनवर सांगितलं, तेही ऑफिसच्या पॅसेजमधून. मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्यांच्या सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे ढकललं ते नेमकं आमच्या आठवड्यात येऊन पडलं. "काय करू यार, मीच लीड आहे." मी म्हटलं, बरं. चार वर्षांत हे 'बरं' मला फार छान म्हणता यायला लागलंय.

अलास्काच्या बोटीची तिकिटं परत होत नाहीत. त्यानेच तोडगा काढला. "आईला घेऊन जा ना. इथे ती नुसती खिडकीतून ट्रेन बघत बसते." आई म्हणजे माझ्या सासूबाई. एप्रिलमध्ये पुण्याहून त्याच्याकडे आल्यात. म्हणजे लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची बोट, नवरा जर्सी सिटीत आणि केबिनमध्ये मी आणि सासूबाई. वा.

राग आलाय. रागाच्या खाली दुसरं काहीतरी आहे, ते आज लिहीत नाही.

शुक्रवार, ९ जून

लिहितेच. इथे नाही लिहिणार तर कुठे.

ह्या बोटीवर आम्ही ठरवणार होतो. ग्रीन कार्डाची फाइल माझ्या कंपनीतून आहे. मी नोकरी सोडली की आम्ही दोघंही रांगेत परत शेवटी. म्हणून मी इथे. त्याची नोकरी तिथे, म्हणून तो तिथे. "आता फक्त सहा महिने" असं म्हणत म्हणत चार वर्षं गेली. दोन-अडीच महिन्यांनी एकदा विमानाने भेटायचं. पहिला दिवस लाजण्यात जातो, शेवटचा बॅगेत.

मार्चमध्ये आला होता तेव्हा माझ्या किचनमध्ये उभा राहून म्हणाला, "ग्लास कुठे असतात गं?" अगदी पाहुण्यासारखं. मी ग्लास काढून दिला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग दोघांनी मिळून ही बोट ठरवली. अलास्काचा किनारा, छोटी बोट, फोन लागत नाही, लॅपटॉप नाही. समोरासमोर बसायचं आणि ठरवायचं: रांग की घर.

आता एकटीने काय ठरवणार? माझं तर ठरलेलंच आहे. मला त्याच्याजवळ राहायचंय. त्याला काय हवंय ते कळत नाही, आणि फोनवर विचारायची हिंमत होत नाही.

संध्याकाळी परत फोन. बोट कॅनडाच्या हद्दीत जात नाही ना, हे तिसऱ्यांदा विचारलं. काळजी माझी नाही, माझ्या व्हिसाच्या मुदत संपलेल्या शिक्क्याची; हद्दीबाहेर गेलं की परत येता येणार नाही.

शनिवार, १० जून, सिॲटल

आई न्यूअर्कहून एकट्या आल्या. सुती साडी, खाली पांढरे स्नीकर्स, वर निखिलचं निळं जॅकेट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. "म्हणाला थंडी असेल, हेच घाल." मी मिठी मारली ती आईंना, पण नाक जॅकेटमध्ये खुपसलं. त्याचाच वास. साबण, थोडा घाम, ऑफिसमधली कॉफी. जरा जास्तच वेळ मिठी मारली असावी, कारण आई म्हणाल्या, "अगं, मी काही महिनाभर उपाशी नव्हते. सोड."

हॉटेलवर त्यांच्या बॅगेतून चिवडा, लिंबाचं लोणचं आणि चिक्की निघाली. बोटीवर तीन वेळा जेवण असतं, मी सांगितलं. "असू दे. त्यांचं ते जेवण."

रविवार, ११ जून, जूनो, बोटीवर

बोट खरंच लहान. चाळीसेक प्रवासी, बहुतेक सगळे निवृत्त गोरे. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मावेल एवढी वाटते.

केबिन उघडली आणि मी दारातच थिजले. एकच डबल बेड. त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून, मधे चॉकलेट, आणि कार्डावर 'निखिल आणि अनघा, दहाव्या वर्षाच्या शुभेच्छा'. बुकिंगच्या वेळी निखिलनेच सांगितलं असणार. सांगताना त्याला यायचं होतं, एवढं तरी नक्की.

आई: "हे काय, बदकं?"

"हंस आहेत. टॉवेलचे."

"बरं झालं. एकच टॉवेल देतात की काय म्हणून मी दोन आणले होते." आणि दोन्ही हंस झटकून दांडीवर वाळत घातल्यासारखे टाकले. चॉकलेट मला दिलं.

वेगळे बेड करता येतील का विचारलं. नाही, हा बेड भिंतीला जोडलेला आहे. बाकी केबिनी भरलेल्या. आई भिंतीकडच्या काठावर अशा सरळसोट झोपल्यात की मधे अजून एक सून मावेल.

एक सांगायचं राहिलं. माझे सासरे, बाबा, मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर होते. जन्म समुद्रावर गेला. नऊ महिने बाहेर, तीन महिने पुण्यात. आणि आई आज पहिल्यांदा बोटीत झोपतायत. मी विचारलं, ऑफिसरांना बायकोला नेता यायचं ना? "यायचं की. आधी निखिलची शाळा, मग माझ्या सासूबाईंचं आजारपण, मग राहूनच गेलं."

सोमवार, १२ जून, ट्रेसी आर्म

दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, त्यातून धबधबे, आणि टोकाला ग्लेशियर. निळं. एवढं निळं असतं हे मला माहीत नव्हतं. कॅप्टनने बोट नुसती तरंगत ठेवली. सगळे डेकवर गप्प. मग एक भला मोठा तुकडा सुटला आणि पाण्यात पडला, आणि आवाज नंतर आला, तोफेसारखा.

मी डावीकडे वळून "अरे बघ!" म्हटलं. मराठीत, मोठ्याने. डावीकडे मिनेसोटाचे एक आजोबा होते. त्यांनी हसून मान हलवली. त्यांच्या बायकोने आणि त्यांनी एकसारखी लाल जॅकेटं घातलीत आणि दिवसभर एकमेकांचा हात सोडत नाहीत. मला आधी त्यांचं हसू आलं. मग हेवा वाटला. जेवणापर्यंत नुसता हेवाच उरला.

आई म्हणाल्या, "हे सगळं वितळून जातं म्हणतात. मग आधीच बघून घेतलं ते बरं." आणि परत चिक्की काढली.

रात्रीच्या जेवणाला कहर. दिवे मंद झाले, किचनमधून केक आला, वर मेणबत्त्या, आणि सगळी बोट गाऊ लागली.  कार्डावर होती तशी केकवरही दोन्ही नावं. एका बाईने विचारलं, तुमच्यातल्या कुणाचा वाढदिवस?  आई उठल्या, हात जोडले आणि त्यांच्या पुणेरी इंग्रजीत म्हणाल्या, "माय सन इज बिझी. आय ॲम हिज ऑफिस." सगळे इतके हसले, टाळ्या काय वाजवल्या! त्यांना म्हणायचं होतं, त्याच्या वतीने मी. पण काय चुकलं ह्यात? तो येत नाही तेव्हा मला त्याचं ऑफिसच भेटतं.

केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

मंगळवार, १३ जून, पीटर्सबर्ग

छोटं मच्छीमार गाव. धक्क्यावर फोन लागला. निखिल जेवणाच्या टेबलाशी होता, ऑफिसमध्येच.

"आईचं पोट ठीक आहे?"

"ठीक आहे."

"तुझं कसं चाललंय?"

मी ग्लेशियरचं सांगायला लागले. आवाज नंतर येतो, ते सांगायचं होतं मला. तो "हं, हं" म्हणत होता आणि मागे कीबोर्ड टकटक वाजत होता. मग म्हणाला, "मिस यू." मी पण म्हटलं, मिस यू. हे आम्ही इंग्रजीतच म्हणतो. मराठीत म्हणायला गेलं तर काहीतरी खरं बोलावं लागेल.

ठरवायचं होतं त्याबद्दल त्यानेही विषय काढला नाही आणि मीही नाही. फोन ठेवल्यावर धक्क्यावर बसून राहिले. तो मला हवाय, ह्यात काही नवीन नाही. पण हा फोनवरचा नाही, तो हवाय जो टिळक रोडवरून स्कूटर चालवताना सिग्नलला मागे हात करून माझा गुडघा चाचपायचा, मी आहे ना बघायला. तो माणूस जर्सी सिटीत राहतो की नाही, कुणास ठाऊक.

बुधवार, १४ जून, फ्रेडरिक साउंड

सकाळी देवमासे. पाच-सहा असावेत. आधी फवारा, मग काळी पाठ, मग शेपटी वर, आणि गेले. आई प्रत्येकाला नमस्कार करत होत्या.

दुपारी बोटीचा इंजिनिअर डग म्हणाला, कुणाला इंजीनरूम बघायची असेल तर दाखवतो. चौघंच तयार झाले, त्यातल्या एक आई. साडी खोचून, स्नीकर्स घट्ट बांधून उभ्या शिडीने उतरल्या. मी मागे. डगने सगळ्यांना कानांवर लावायला मोठे हेडफोनसारखे ठोकळे दिले. खाली दोन इंजिनं. गरम. तेलाचा वास. ठोकळे लावूनसुद्धा छातीत धडधड होत होती.

डग हातांनी काहीतरी दाखवत होता. आईंनी मधेच ठोकळे काढले. डग ओरडला, मी खुणा केल्या, त्यांनी ऐकलं नाही. तशाच उभ्या राहिल्या, डोळे मिटून. तो आवाज असा होता की अंगावर कुणी पोतं आपटतंय. मीच दचकले त्यांच्यासाठी. शेवटी डगने स्वतःच्या हातांनी त्यांच्या कानांवर ठोकळे परत बसवले.

वर आल्यावर त्यांनी डगला विचारायला लावलं: पूर्वीही असे ठोकळे असायचे का? त्याने सांगितलं, जुन्या लोकांना नव्हते, त्याच्या वडिलांचे कान त्यातच गेले.

आई रात्री जेवल्या नाहीत. मला वाटलं बोट लागली. "नाही गं, बरी आहे मी," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

गुरुवार, १५ जून, बॅरॅनॉफ

आज आई बोलल्या. डेकवर, दोघी ब्लँकेट गुंडाळून. जसं आठवतंय तसं लिहिते.

"ह्यांच्या धुवायच्या पँटच्या खिशात कापसाचे बोळे सापडायचे. काळे, तेलकट. दर वेळी. मी फेकून द्यायचे. कधी विचारलं नाही, कशाला असतात."

मी त्यांचं ब्लँकेट खांद्यावर नीट ओढून दिलं.

"सुट्टीवर यायचे तेव्हा टीव्ही एवढा मोठा लावायचे. मी स्वैपाकघरातून हाका मारायचे, वळायचे नाहीत. जेवायला बसलं की मी आपली बोलायचे आणि हे ताटात बघायचे. मला वाटायचं, ह्यांचं मन बोटीवरच आहे. घरात करमत नाही ह्यांना. मग मीही हाक मारायचं सोडलं. पाण्याचा लोटा आणायचा आणि पुढ्यात ठेवायचा. आता रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, आम्ही तसंच राहतो. सहा महिने इकडे आले ना मी, ते निखिलसाठी कमी आणि त्या गप्प घरातून उठून जायला जास्त."

"बाबांनी कधी सांगितलं नाही?"

"त्यांना नोकरी जाईल वाटलं असेल. नंतर लाज वाटली असेल. मला काय माहीत? मी विचारलंच नाही ना."

मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "वाट बघायला मला फार छान यायचं, अनघा. नऊ महिने कसे काढायचे ते मला कुणी शिकवायला नको. ते आल्यावर काय करायचं, तेच येत नव्हतं."

मला रडू आलं. मी म्हटलं, आई, मला निखिल ऐकतच नाही असं वाटतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूच्या नजरेने, बऱ्याच दिवसांनी.

"त्याच्या कानांना काही झालेलं नाही. तू काय बोलतेस त्याच्याशी? 'बरं' म्हणतेस. मी शेजारच्या खोलीतून ऐकलंय, स्पीकर लावून बोलता तुम्ही. तो म्हणतो जमत नाही, तू म्हणतेस बरं. मग त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

राग आला. खरंच आला. उठून दुसऱ्या डेकवर गेले. लाल जॅकेटवाले तिथेही होतेच.

शुक्रवार, १६ जून

पेरिल स्ट्रेट. अरुंद वाट, भरती-ओहोटीच्या मधे पाणी शांत होईपर्यंत बोटीला थांबावं लागतं. काठावर झाडांमध्ये एक अस्वल शिंपले उलटेपालटे करत होतं. सगळे कॅमेरे घेऊन एका बाजूला धावले.

आईंशी सकाळभर बोलले नाही. जेवणाच्या वेळी त्यांनी माझ्या ताटात लोणचं वाढलं. मी खाल्लं. झालं, मिटलं.

मी सोडणार नोकरी.  रांग गेली तर गेली. परत शेवटी उभे राहू, पण एका घरातून उभे राहू. उद्या सिट्कात फोन लागला की सांगणार. 'बरं' म्हणणार नाही.

आणि त्याने नको म्हटलं तर? त्याच्या पुढचं मला लिहिता येत नाही.

शनिवार, १७ जून, सिट्का

बोटीचा निरोप. डगने आईंना त्यांचे ते कानांवरचे ठोकळे भेट दिले, जुना जोड. आईंनी त्याला उरलेली चिक्की दिली.

धक्क्यावर आईंनी आधी पुण्याला फोन लावायला सांगितला. तिकडे रात्र. बाबांनी खूप वेळाने उचलला. आईंनी एकदम बेंबीच्या देठापासून: "अहो! मी बोलतेय! ऐकू येतंय का?" धक्क्यावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "बोटीतून बोलतेय! इंजीनरूम बघितली! हो! आत गेले होते!" मग खूप वेळ नुसत्या ऐकत होत्या. बाबा एवढं बोलतात हेच मला माहीत नव्हतं. शेवटी आई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "कानाच्या डॉक्टरकडे जायचं! मी आले की! दोघं जाऊ!" फोन माझ्या हातात देऊन पदराने तोंड पुसलं. "त्यांना वाटलं मी भांडायला फोन केला."

मग माझी पाळी. आई मुद्दाम लांब जाऊन सी-गल बघत उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. नोकरी सोडते, तिकडे येते. एका दमात, मधे श्वास न घेता.

तो: "अगं, आता इतक्या जवळ आलंय. फाइल हलायला लागलीय असं वकील म्हणत होता. जरा धीर धर ना यार."

"तू मला हवा आहेस, निखिल. मला रोज हवा आहेस. घरात."

मागची कीबोर्डची टकटक थांबली.

"तुला मी हवी आहे की नको? ग्रीन कार्डाचं बोलू नकोस."

"हा काय प्रश्न झाला."

"हाच आहे."

 मग हळू आवाजात, कीबोर्ड नाही, कुणाच्या हाका नाहीत: "मला सवय झालीय गं एकट्याची. तू आलीस आणि आपल्याला एकत्र राहता नाही आलं तर? आत्ता निदान वाट तरी बघतोय आपण एकमेकांची. मला भीती वाटते, अनघा."

एवढं खरं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच वेळी, किती दिवसांनी, फोनच्या पलीकडे तोच माणूस होता, स्कूटरवाला. मी म्हटलं, मलाही भीती वाटते.  रिलीजचा कॉल आला, तो गेला.

आईंनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, घाबरलाय. त्या म्हणाल्या, "चला. काहीतरी बोलला."

रविवार, १८ जून, सिॲटल विमानतळ

आईंचं न्यूअर्कचं विमान आधी. गेटपाशी म्हणाल्या, "मी बोलू का त्याच्याशी?" मी म्हटलं, नको. "बरं," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. जॅकेट काढून द्यायला लागल्या. मी परत त्यांच्या खांद्यावर घातलं, विमानात थंडी वाजते. गेल्या.

माझं सॅन होजेचं विमान पाऊण तासाने. उद्या सोमवार, नऊला मॅनेजरबरोबर मीटिंग आहेच.

आता निखिलचा फोन आला. उजव्या हाताने हे लिहितेय, डाव्या हातात फोन.

"आई बसली?"

"बसली."

"घरीच आहे मी. काळे वाटाणे भिजत घातलेत, रात्री तिच्यासाठी उसळ करतो."

"किती घातलेस?"

"वाटीभर. का?"

"तिघांना पुरतील?"

 त्याने फोन ठेवलेला नाही. त्याचा श्वास ऐकू येतोय. इकडे सॅन होजेसाठी लोक आत जायला लागलेत, माझ्या रांगेचा नंबर पुकारला. पलीकडे भांड्यात आणखी वाटाणे ओतल्याची खडखड, मग नळ सोडल्याचा आवाज आला. आता बंद केला. मी अजून उठलेले नाही.